जुन्या टॅबवर लिनेजओएस टाकलं तर चालेल का? बँकेची ॲप चालतात का? मोबाईलवाला म्हणतो मदरबोर्ड जातो.

प्रश्नातलं पहिलं वाचून मी पुढं गेले असते खरं तर, २०१५-१६ चा टॅब, अपडेट बंद, सगळं रखडतं, असले प्रश्न रोज येतात. (लिनेजओएस म्हणजे अँड्रॉइडवरच बेतलेलं, कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या जागी टाकायचं फुकट सॉफ्टवेअर.) पण ते शेवटचं वाक्य वाचलं आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसले.

मदरबोर्ड जात नाही. हे वाक्य मी सात वर्षं ऐकतेय, दर गणपतीत, आरती झाल्यावर, सगळ्या नातेवाईकांसमोर.

२०१८ ची गोष्ट. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते, घर कराडजवळ, आप्पांची पिठाची गिरणी. आप्पांचा फोन दोन वर्षं जुना, १६ जीबीचा, त्यात गुड मॉर्निंगच्या फुलांनी जागा संपलेली, आणि वर कंपनीनं स्वतःची इतकी ॲप भरलेली की कॉल आला तर हिरवं बटण दिसेपर्यंत समोरचा फोन ठेवून द्यायचा. (कंपनी कुठली ते विचारू नका, सगळ्या तशाच होत्या.) मी आधी माझ्या स्वतःच्या फोनवर दोनदा रॉम, म्हणजे असलं बदली सॉफ्टवेअर, टाकून बघितला होता, त्यामुळं अंगात आलेलं. आप्पांना म्हणलं, द्या, नवा करून देते.

बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना बाहेरचं सॉफ्टवेअर अडवणारं कुलूप, अनलॉक करायला कंपनीकडं अर्ज करायचा, मग ३६० तास थांबायचं. पंधरा दिवस! लग्नाची बोलणी पण लवकर होतात. ते पंधरा दिवस मी नीट वापरले, फोटो लॅपटॉपवर घेतले, कॉन्टॅक्टची व्हीसीएफ फाईल काढली. आप्पांचे कॉन्टॅक्ट म्हणजे 'ज्वारी शिंदे काकू', 'बेसन लग्नवाले', 'गहू जाड दळणारे', आडनावं शोधत बसलात तर एखादंच सापडेल. ते नंबर गेले असते तर गिरणी बंद पडली असती, म्हणून ती फाईल मी दोन ठिकाणी ठेवली. हे मुद्दाम सांगतेय, पुढं कामाला येणार आहे.

मग एका रात्री अनलॉक, टीडब्ल्यूआरपी (रॉम टाकायचं टूल), वाइप (जुनं पुसणं), रॉम, त्यावर सगळ्यात छोटं पिको गॅप्स (गूगलच्या ॲपचा संच). पहिल्यांदा बूट व्हायला वेळ लागतो हे माहीत असूनही ती दहा मिनिटं मी पंख्याखाली घाम पुसत बसले होते. झाला सुरू. आणि काय पळत होता म्हणून सांगू! कॉन्टॅक्ट परत टाकले, अक्षर मोठं केलं, आप्पांच्या उशाशी ठेवून झोपले.

सकाळी आप्पा म्हणाले, फोन लागत नाही.

नेट चालू, व्हॉट्सॲप चालू, फक्त कॉल नाही. ज्यांना हे लगेच कळलं त्यांनी हा परिच्छेद सोडा. जिओला २जी-३जी नाहीच, तेव्हा नुसतं ४जी, म्हणजे साधा कॉलसुद्धा व्हीओएलटीईवरून, ४जीच्या नेटवरूनच, जायचा. रॉममध्ये व्हीओएलटीई बसलं नसेल तर फोनला रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि कॉल मात्र जात नाही. माझं काय झालं होतं तर रॉमला मॉडेमचं (नेटवर्क सांभाळणाऱ्या भागाचं) नवं फर्मवेअर, म्हणजे त्याचं आतलं सॉफ्टवेअर, हवं होतं आणि फोनमध्ये जुनं होतं. रॉमच्या पानावर ते लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. चूक माझी, शंभर टक्के. दुसरं कुठलं सिम असतं तर २जीवर कॉल गेला असता आणि कोणाला कळलंही नसतं, पण घरात सगळे जिओवाले.

मग मी घाईत दुसरी चूक केली, फर्मवेअरची झिप टाकली आणि तिच्यावर वाइप न करता दुसराच रॉम चढवला. बूटलूप. लोगो येतो, जातो, येतो, जातो. आता यातून बाहेर यायचा रस्ता साधा असतो, कंपनीचा मूळ फास्टबूट रॉम (लॅपटॉपवरून केबलनं टाकायचा असतो तो) उतरवायचा आणि तो पूर्ण टाकायचा. पण ती फाईल दोन जीबीच्या आसपास आणि माझ्या सिमला दिवसाला दीड जीबी! म्हणजे रात्री बाराची वाट बघायची, मग उरलेली उतरवायची. मी सत्तर टक्क्यांवर आणून ठेवली आणि सकाळी कॉलेजला गेले, प्रॅक्टिकल होतं.

संध्याकाळी आले तर फोन घरात नाही. आप्पांनी तो आत्याच्या मुलाला दिला होता, त्याचं मोबाईलचं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी फोन आला, चालू, कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरसकट, आणि सोबत निरोप, "मामा, बोर्डच उडाला हुता, पोरीनं काय काय टाकलं होतं त्यात, नवीन बोर्ड बसवला." अठराशे रुपये. घरच्या माणसाला म्हणून कमी केले म्हणे.

आता बघा. मी फोन हातात घेतला, बंद करून चालू केला. लोगोच्या खाली बारीक अक्षरात कुलूप उघडं आणि 'अनलॉक्ड'. तेच, जे मी पंधरा दिवस थांबून मिळवलं होतं. नवीन बोर्ड असता तर तो लॉक असता, कारण अनलॉक हे बोर्डात साठतं, फोनच्या बॉडीत नाही. मग बॉक्स काढला माळ्यावरून, स्टार हॅश ०६ हॅश दाबलं, दोन्ही आयएमईआय, म्हणजे फोनचे ओळख नंबर, जुळले, शेवटच्या आकड्यापर्यंत. आयएमईआय बोर्डाबरोबर येतो. नव्या बोर्डावर जुना नंबर कोणी दुकानात बसून लिहीत असेल तर तो वेगळाच गुन्हा झाला, २०१७ पासून त्याचे नियमच आहेत. आणि तिसरं म्हणजे, मी सकाळी जाताना फोन लॅपटॉपला लावला होता तेव्हा तो फास्टबूटमध्ये दिसत होता. मेलेला बोर्ड उत्तर देत नाही. जी फाईल माझी सत्तर टक्के उतरली होती तीच त्याच्या दुकानात आधीपासून होती, त्यानं केबल लावली आणि टाकली. वीस मिनिटांचं काम. त्याचे पैसे घ्यायला माझी हरकत नाही, कौशल्याचे पैसे असतात, दोनशे घे, तीनशे घे, पण बोर्ड म्हणू नको ना!

हे मी आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणाले, "फोन लागतोय ना आता." विषय संपला. त्यातच व्हीसीएफवरून मी टाकलेले सगळे नंबर त्याच्या फ्लॅशिंगमध्ये परत उडाले होते, ते मी पुन्हा टाकले, आणि गावभर झालं काय तर पोरीनं नंबर घालवले आणि भावानं आणून दिले.

तर तुमच्या मोबाईलवाल्याला विचारा की बोर्ड जातो म्हणजे नक्की काय होतं. सॉफ्ट ब्रिक वेगळं, हार्ड ब्रिक वेगळं. लोगोवर अडकलेला टॅब म्हणजे सॉफ्ट, घरी दुरुस्त होतो. स्क्रीन काळी, चार्जिंगची खूण नाही, लॅपटॉपला लावल्यावर काहीच दिसत नाही, हे हार्ड, आणि ते होतं दुसऱ्याच मॉडेलची फाईल टाकली, बूटलोडरशी खेळ केला किंवा मध्येच केबल हलली तर. नव्या बऱ्याच फोनांत अँटी-रोलबॅक असतं, म्हणजे जुनं सॉफ्टवेअर परत टाकायला गेलात तर फोन कायमचा अडू शकतो, तिथं मात्र दुकानदाराच्या भीतीत थोडं तथ्य आहे. तरी बोर्ड जळत नाही, लिहिलेलं बिघडतं.

अजून एक जे मला ऐकवतात, की हे 'चोरीचं सॉफ्टवेअर' आहे. अँड्रॉइडचा मूळ सोर्स (कोड) गूगलच सगळ्यांना देतं. लिनेज ज्यातून निघालं ते सायनोजेनमॉड २००९ पासून होतं, त्याची कंपनी झाली, आणि २०१४ ला वनप्लस वन हा फोन सायनोजेन घालूनच विकायला आला. आपल्याकडं त्यावरून वनप्लस आणि मायक्रोमॅक्सचं भांडण थेट दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, कारण भारतातले हक्क मायक्रोमॅक्सनं घेतले होते. चोरीच्या मालाच्या हक्कासाठी कोणी कोर्टात जातं का? २०१६ च्या डिसेंबरमध्ये कंपनीनं सायनोजेनमॉडचा गाशा गुंडाळला आणि ते बनवणाऱ्याच लोकांनी लिनेज नावानं पुढं चालू ठेवलं. आणि गंमत म्हणजे २०२३ च्या जानेवारीत आयआयटी मद्रासमधल्या स्टार्टअपचं भारओएस आलं तेव्हा ह्याच आमच्या बंधूंनी फॅमिली ग्रुपवर टाकलं, 'स्वदेशी ओएस, आपल्या दुकानात टाकून मिळेल'. ते पण अँड्रॉइडच्याच सोर्सवर उभं आहे आणि तेव्हा ते सामान्य माणसाला उतरवायलाच मिळत नव्हतं. मी ग्रुपवर काही बोलले नाही. आत्या आहे त्या ग्रुपवर.

बरं, तुमचा टॅब.

नाव बघू नका, मॉडेल नंबर बघा. एकाच नावाचे टॅब दोन वेगळ्या चिपवर येतात, वायफायवाला वेगळा, सिमवाला वेगळा, आणि एकाचा रॉम दुसऱ्याला चालत नाही. लिनेजच्या अधिकृत यादीत तुमचा नेमका नंबर असेल तर विचार करा. नसेल आणि कुठल्या तरी टेलिग्राम ग्रुपवर 'अनऑफिशियल, सगळं चालतं, फक्त कॅमेरा आणि ब्लूटूथ सोडून' असं सापडलं तर सोडून द्या. स्वस्तातले बहुतेक टॅब इथंच संपतात, कारण त्या कंपन्या कर्नलचा (सिस्टीमच्या गाभ्याचा) सोर्स बाहेर काढत नाहीत, नियमानं द्यायला हवा तरी.

माझ्याकडं २०१३ चा नेक्सस ७ आहे, वापरलेला घेतला होता. गूगलनं त्याला अँड्रॉइड ६ वर सोडून दिला. मी त्यावर लिनेज टाकलं, त्यासाठी पार्टिशन (आतल्या स्टोरेजचे कप्पे) नव्यानं पाडावी लागली कारण मूळ सिस्टीमची जागा लहान, एक अख्खा रविवार गेला. आता आई त्यावर कीर्तन ऐकते आणि रेसिपी बघते. दोन जीबी रॅम आहे, ती वाढत नाही ना रॉम बदलून, त्यामुळं फार अपेक्षा नको. पळत नाही, पण चालतो.

बँकेची ॲप. विसरा. बूटलोडर उघडा असला की गूगलची प्ले इंटिग्रिटी तपासणी (यंत्रात फेरफार नाही ना ते बघणारी) अडते, आणि बँका त्यावर बघतात. काहींची चालतात, काहींची एका अपडेटनंतर बंद पडतात. मॅजिस्क नावाचं टूल लावून लपवाछपवी करता येते, मी केली पण आहे, पण महिनाअखेरीला लाईट बिल भरायच्या वेळीच ॲप 'तुमचे उपकरण सुरक्षित नाही' म्हणतं, आणि तेव्हा फार राग येतो. शिवाय यूपीआयला बँकेत नोंदवलेलं सिम त्याच यंत्रात लागतं, तुमचा टॅब वायफायवाला असेल तर प्रश्नच मिटला. पैशाचा फोन वेगळा ठेवा, कंपनीच्या सॉफ्टवेअरवर, कुलूपबंद. बूटलोडर परत लॉक करता येतो असा पर्याय हवा असेल तर ग्राफीनओएस हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर आहे, पण ते फक्त गूगलच्या पिक्सेलवर.

हो, आणि अनलॉक केलं की आतलं सगळं पुसलं जातं, हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं. काही टॅबवर नेटफ्लिक्स नंतर कमी क्वालिटीत दिसतं. लिनेज टाकून झाल्यावर बूटलोडर परत लॉक करायला जाऊ नका, त्यानं मात्र खरंच अडकेल. वॉरंटी तर तुमची कधीच संपलीय. आणि टॅब टेबलावर सपाट ठेवून बघा, डगमगत असेल तर बॅटरी फुगलीय, मग रॉम वगैरे काही नको, आधी बॅटरी काढून घ्या कोणाकडून तरी.

मॉडेल नंबर मागं बारीक अक्षरात असतो, तो कमेंटमध्ये टाका, यादीत आहे का बघून सांगते. आणि एवढं करूनही दुकानातच द्यायचा ठरवलात तर द्यायच्या आधी आयएमईआय किंवा सिरियल नंबरचा आणि चालू होतानाच्या लोगोचा फोटो काढून ठेवा. मी काढला नव्हता.