रॉकचा ठेका कुणाच्या हातातला?

प्रश्न : मी कॉलेजात आहे, वर्षभर ड्रम्स शिकतोय. आमचे सर दर क्लासला आधी अर्धा तास जॅझचा स्विंग, म्हणजे झुलता ठेका, वाजवून घेतात आणि मगच रॉक. रॉक तर ब्लूजमधून, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांमधून आला ना, मग जॅझचा त्यात काय संबंध?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ब्लूजमधून आला हे बरोबरच आहे, पण तुम्ही ड्रम्स शिकताय म्हणून सांगतो, गाणी ब्लूजची असली तरी सुरुवातीला ती वाजवायला बसलेले हात बरेचदा जॅझवाल्यांचे होते.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा ड्रमर अर्ल पामर घ्या. मनाने पक्का जॅझवाला, पण स्टुडिओत येईल ते काम करायचा. डिसेंबर १९४९ मधे गायक-पियानोवादक फॅट्स डॉमिनोचं 'द फॅट मॅन' रेकॉर्ड झालं त्यात ड्रम्सवर हाच होता. तिथल्या जुन्या डिक्सीलँड जॅझमधे चारपैकी दुसरी आणि चौथी मात्रा जोरात मारायचे, पण ते अगदी शेवटच्या आवर्तनात, सगळा बँड रंगात आला की मग, आणि पामरने या गाण्यात तोच ठोका पहिल्यापासून शेवटपर्यंत धरून ठेवला. तुम्ही आज स्नेअरवर दोन आणि चारला जी स्टिक हाणता ना, तोच हा बॅकबीट!

पुढची गोष्ट मला त्याहून आवडते. स्विंगमधे एका मात्रेचे तीन भाग धरायचे आणि पहिल्या-तिसऱ्यावर वाजवायचं, म्हणजे ते डां-ड डां-ड असं झुलत जातं, तुमचे सर हेच घोटून घेत असणार. पामर तसंच वाजवायचा. पण १९५५ मधे तो रॉक गायक-पियानोवादक लिटल रिचर्डसोबत वाजवायला लागला आणि रिचर्ड पियानोवर दहाही बोटांनी सरळ, सारख्या अंतराने टक-टक-टक-टक ठोकत सुटायचा, त्याच्या उलट जाऊन वाजवणार तरी कसं? म्हणून पामरने रिचर्डच्या उजव्या हाताशी जुळवायला आपला झोका सरळ केला, आणि रॉकचा ठेका ज्याला म्हणतात तो आपण असा वाजवायला लागलो हे त्याने स्वतःच सांगून ठेवलंय.

नंतरच्या पिढीतही तेच. रोलिंग स्टोन्स बँडचा चार्ली वॉट्स, क्रीम बँडचा जिंजर बेकर, गिटारवादक जिमी हेंड्रिक्सबरोबरचा मिच मिचेल, सगळे जॅझ ऐकून वाढलेले. आणि फक्त ड्रमर्सच नाहीत हं, डोअर्स या रॉक बँडचं १९६७ चं 'लाइट माय फायर' अल्बमवर सात मिनिटांचं आहे, त्यात मधे दोनच कॉर्ड्स (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट) फिरत राहतात आणि त्यावर आधी ऑर्गन मग गिटार मनसोक्त फिरून येतात, ही कल्पना त्यांनी जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या 'माय फेव्हरिट थिंग्ज'वरून घेतली. रेडिओसाठी मधला भाग कापून गाणं तीन मिनिटांच्या आत बसवलं, मला ते कापलेलं व्हर्जन ऐकवत नाही.

तुम्ही एक करून बघा. लिटल रिचर्डची 'टुटी फ्रुटी' आणि 'लुसिल' लागोपाठ लावा आणि गाण्याकडे लक्ष न देता फक्त ड्रम्स ऐका, झोका कसा सरळ होत गेला ते कळेल. मग किटवर बसून पाच मिनिटं झुलता ठेका धरा आणि न थांबता सरळ ठेक्यावर या, दोन आणि चार होते तिथेच ठेवायचे, बदलायचा तो फक्त हाय-हॅटवरचा हात.