झटपट चिलीला भरीवपणा कसा आणावा?

प्रश्न : कामावरून आल्यावर पाऊण तासात होईल अशी शाकाहारी चिली (मिरची-मसाल्याचा दाट अमेरिकी रस्सा) मी नेहमी करते. कांदा, टोमॅटो, राजमा आणि मसाले एकत्र करून शिजवते. परंतु ती पातळ होते आणि टोमॅटोच्या सूपमध्ये राजमा टाकल्यासारखी लागते. भिजवलेला कच्चा राजमा घातला, तर तासभर उकळूनही तो टचटचीत राहतो. काय चुकत असावे?

उत्तर : ‘एकत्र करून शिजवते’ या आपल्या शब्दांतच दोन्ही तक्रारींचे मूळ आहे. चिलीत काय घालावे याबाबत पुष्कळ सैलपणा चालतो. ते कोणत्या क्रमाने घालावे याबाबत मात्र तो चालत नाही.

आधी राजम्याविषयी. कडधान्य मऊ होते, ते त्याच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन उकळत्या पाण्यात विरघळू लागल्यामुळे. पाणी आंबट असेल तर ही क्रिया फार मंदावते, आणि टोमॅटोचा रस चांगलाच आंबट असतो. म्हणून रात्रभर भिजवलेला राजमा, भिजवणीचे पाणी ओतून टाकून, ताज्या पाण्यात कुकरला वेगळा शिजवून घ्यावा आणि दाणा बोटांनी सहज चिरडला जाऊ लागल्यावरच टोमॅटोत घालावा. दोनशे ग्रॅम कोरडा राजमा चौघांना पुरतो. सुटीच्या दिवशी जास्तीचा शिजवून फ्रीझरमध्ये ठेवला किंवा डबाबंद राजमा वापरला, तर पाऊण तासाचे गणित सहज जमते.

आता पातळपणा आणि चव. मांसाच्या चिलीला स्निग्धता आणि खमंगपणा मांसातूनच मिळतो. शाकाहारी चिलीत तो परतण्यातून मिळवावा लागतो. तेव्हा वेळ वाचवायचा असेल तर तो उकळण्यात वाचवावा, परतण्यात नव्हे. जाड बुडाच्या पातेल्यात तीन मोठे चमचे तेल तापवून दोन बारीक चिरलेले कांदे मध्यम आचेवर, कडा तपकिरी होईपर्यंत परतावेत. याला आठ-दहा मिनिटे लागतात आणि ती द्यावीतच. त्यावर एक ढोबळी मिरची आणि चार-पाच लसूण पाकळ्या, आणि मिळत असल्यास बारीक चिरलेले मश्रूम घालावेत. मश्रूमचे पाणी आटले की मधोमध जागा करून दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट थेट बुडावर पसरावी आणि तिचा भडक लाल रंग विटकरी होऊन कडेने तेल सुटेपर्यंत हलवत राहावे. बुडाला जो तपकिरी थर धरतो, तो करपलेला नसेल तर चवीचा मोठा ठेवाच असतो. पाण्याचा हबका मारून तो उलथन्याने खरवडून घ्यावा. त्याआधी दोन चहाचे चमचे जिरेपूड, एक चमचा ओरेगॅनो आणि तिखट त्याच तेलात अर्धा मिनिट परतावे.

तिखटाबाबत एक सावधगिरी बाळगावी. अमेरिकी कृतींत सांगितलेली चिली पावडर हे बहुधा सौम्य मिरची, जिरे, लसूण आणि ओरेगॅनो यांचे मिश्रण असते. तिच्या जागी तेवढेच नुसते तिखट घातले, तर पदार्थ खाववणार नाही. धुरकट चव हवी असल्यास स्मोक्ड पापरिका एक चमचा पुरे.

यानंतर चारशे ग्रॅम टोमॅटो, शिजलेला राजमा आणि दीड कप पाणी घालून, झाकण अर्धे ठेवून, वीस मिनिटे मंद आचेवर ठेवावे. दाटपणासाठी पाव भाग राजमा पळीने चेचून परत मिसळावा. त्यातील पिष्टामुळे रस मिळून येतो. मूठभर सोया ग्रॅन्युल्स गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून कांद्याबरोबरच परतल्यास चिली अधिक पोटभरीची होते. काही जण कोको पावडरही घालतात. मला तिची गरज वाटलेली नाही. लिंबू मात्र आच बंद केल्यावर अवश्य पिळावे.

(चिली हा १९७७ पासून टेक्सासचा अधिकृत राज्यपदार्थ आहे आणि तेथील कडव्या चाहत्यांना मुळात राजमाच मान्य नाही. त्यांच्या नाराजीची आपण फिकीर करू नये.)

प्रश्न : भिजवलेला राजमा सकाळी थेट स्लो कुकरमध्ये घालून गेले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते आणि त्यामुळे काही तासांतच मळमळ, उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. ते खळखळून उकळल्यानेच नष्ट होते. स्लो कुकरचे तापमान त्यासाठी अनेकदा अपुरे पडते. राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकावे आणि ताज्या पाण्यात अर्धा तास चांगला उकळून मगच स्लो कुकरमध्ये घालावा. तेथेही टोमॅटो शेवटीच घालावेत. डबाबंद राजमा आधीच शिजवलेला असल्याने त्याला हे बंधन नाही.