पेट्रोल कार गरम झाल्यावरही न्यूट्रलला 1600 आरपीएमवर राहते. मेकॅनिक आयएसी व्हॉल्व (न्यूट्रलला इंजिनला लागेल तेवढी हवा सोडणारा) बदलायला सांगतोय. बदलू का?

थांबा, आधी ब्रेकचं सांगा. प्रश्नात तुम्ही आरपीएम लिहिलाय, मेकॅनिकचं म्हणणं लिहिलंय, पण ब्रेकचं पेडल पूर्वीपेक्षा कडक लागतंय का ते लिहिलेलं नाही. माझ्याही लक्षात ते आलं होतं आणि मी कुणाला बोललो नव्हतो, म्हणून विचारतोय.

माझी 2007 ची पेट्रोल गाडी, केबलच्या ॲक्सिलरेटरची. कंपनी सांगत नाही, नाहीतर कंपनीवरनंच वाद सुरू होतो. एका पावसाळ्यात ती रेस धरायला लागली. सकाळी थंड इंजिन मिनिट-दोन मिनिटं 1300-1400 ला राहतं, त्याचं काही नाही. पण गरम गाडी साताऱ्यात पोवई नाक्याच्या गर्दीत उभी आणि काटा 1600 वर, जिथं तो 800 च्या आसपास पाहिजे. लोक वळून बघायचे.

त्याच आठवड्यात थोरले साडू कोरेगावहून आले. त्यांची उमेदीची वर्षं गेली कार्बोरेटरच्या गाड्यांत. स्लो स्पीडचा स्क्रू फिरवायचा, कान लावायचा, झालं काम. त्या गाड्यांना ते बरोबरच होतं. साडूंनी बॉनेट उघडलं, थ्रॉटल बॉडीचा, म्हणजे इंजिनच्या हवेच्या दरवाजाचा, स्टॉप स्क्रू हुडकला आणि दीड फेरा उलटा फिरवला. त्या स्क्रूवर रंगाचा ठिपका होता. कंपनीनं सेटिंगची खूण म्हणून दिलेला, तो काय शोभेला असतो? काटा हजारावर आला. "बघा, फुकटात झालं. तुम्ही गॅरेजवाल्याला सहा हजार देऊन बसला असता." हे सासूबाईंसमोर. पुढं पंधरा दिवस आमच्या घरात साडूंचंच कौतुक. आठवड्याभरात काटा पुन्हा 1200 वर गेला तेव्हा मी गप्प राहिलो. परत फोन कोण करणार?

सप्टेंबरात सगळे कासला फुलं बघायला गेलो. परतताना यवतेश्वरच्या घाटात ब्रेकवर पाय दिला तर पेडल दगड. गाडी भरलेली, पुढं वळण. दुसऱ्या गिअरवर टाकली आणि मांडीला पेटका येईपर्यंत पाय दाबून धरला. शेजारून साडू विचारतायत, "एवढा जोर कशाला लावताय?"

जरा रुंद जागा बघून थांबलो, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं. फुस्स असा आवाज. इनटेक मॅनिफोल्डवरून (थ्रॉटलमधून आलेली हवा सिलिंडरकडे नेणारा भाग) ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरला जातो तो जाड रबरी पाइप क्लिपजवळ चिरलेला. चिरेवर बोट दाबलं की इंजिनचा आवाज खाली, काढलं की वर. सगळं निदान त्या एका बोटात झालं.

रेस का वाढते ते सांगतो, कारण साडूंना आजवर पटलेलं नाही. थ्रॉटल आणि इंजिनच्या मधे कुठूनही चोरटी हवा शिरली की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम कमी होतो. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत मॅप सेन्सर असतो, तो हाच दाब मोजतो. त्याला वाटतं इंजिनला जास्त हवा मिळतेय, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या हिशोबानं पेट्रोल वाढवतो आणि काटा चढतो. तोच व्हॅक्यूम ब्रेकला मदत करत असतो, तो कमी झाला की पेडल कडक. स्क्रू फिरवून साडूंनी हवेचा खरा दरवाजा बंद केला आणि फुटकी खिडकी तशीच ठेवली.

नवीन पाइप आणि दोन क्लिपा, अडीचशे रुपये. पण पाइप बदलल्यावर एसी लावला की गाडी बंद पडायला लागली, कारण स्क्रू अजून साडूंच्या सेटिंगला होता. हे त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे माझा स्क्रू बरोबर होता, तुम्ही पाइप बदलून बिघडवलं." याला काय बोलायचं! स्क्रू ठिपक्यावर आणला, गाडी आजही 800 ला उभी राहते.

तर तुमचं. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, मग पाय तसाच दाबून ठेवून स्टार्ट करा. पेडल थोडं खाली बसलं पाहिजे. बसलं नाही तर गाडी घाटात नेऊ नका, आधी बूस्टरचा पाइप बघा. बसलं तरी बाकीचे व्हॅक्यूम पाइप आणि पीसीव्हीचा (इंजिनच्या आतली वाफ परत ओढून घेणारा) पाइप एकेक करून पक्कडीनं हलकेच चिमटा. ज्याला चिमटल्यावर काटा पडतो, तिकडून हवा येतेय. गॅरेजवाले कार्ब क्लीनर फवारून बघतात, पण गरम सायलेन्सरवर तो उडाला तर पेट घेतो, ते घरी नको. ॲक्सिलरेटरची केबल ताठ आहे का तेही बघा. स्कॅनरवर पी0507 हा कोड आला म्हणून लगेच व्हॉल्व बदला असं होत नाही. आयडल, म्हणजे न्यूट्रलची रेस, जास्त आहे एवढंच तो कोड सांगतो, ते तुम्हाला काटा बघूनही कळलंय. स्कॅनर लावलाच आहे तर कूलंटचं तापमान बघा. इंजिन तापलेलं आणि आकडा 30-40 अंश असेल तर ईसीयूला गाडी अजून थंडच वाटतेय, सेन्सर किंवा थर्मोस्टॅट तपासा.

आयएसी व्हॉल्व खराब असूच शकतो, नाही म्हणत नाही. कार्बन धरून तो उघडाच अडकतो. पण आधी काढून साफ करायला सांगा, बदलायचं नंतर. आणि तुमच्या गाडीला ॲक्सिलरेटरची केबलच नसेल, थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असेल, तर वेगळा आयएसी बहुतेक नसतोच. मग मेकॅनिक नेमकं काय बदलणार ते त्याला विचारा, आणि थ्रॉटलची पाकळी बोटानं ढकलू नका, आतले गिअर तुटू शकतात.

साडू दिवाळीला आले की अजून बॉनेट उघडायला सांगतात. चावी बायकोकडे आहे म्हणून सांगतो.