मेलेली जेलीफिश का डसते? दंशपेशींविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : किनाऱ्यावर मरून पडलेल्या जेलीफिशला मुलाने बोट लावलं आणि बोटाची आग आग झाली. मेलेला प्राणी डसतो कसा?

उत्तर : डसायचं की नाही हे प्राणी ठरवतच नाही. जेलीफिशला मेंदू नसतो. डसतात त्या तिच्या शुंडकांवरच्या, म्हणजे लोंबत्या दोऱ्यांसारख्या अवयवांवरच्या दंशपेशी, ज्या त्या आपापल्या. प्रत्येक दंशपेशीत एक सूक्ष्म कुपी असते आणि कुपीत विष व वेटोळं करून बसलेली पोकळ नळी. ही कुपी सुटायची बाकी आहे तोवर धोका आहे. मग जेलीफिश मेलेली असो, की शुंडकाचा नुसता तुकडा पाण्यात तरंगत असो.

प्रश्न : तिथे स्नायू नाहीत, तर नळी इतक्या जोरात बाहेर कशी येते?

उत्तर : सगळा जोर पाण्याच्या दाबाचा. कुपीची भिंत कोलॅजेनच्या जातीच्या प्रथिनांची, अतिशय चिवट. आत पॉलिग्लुटामेट नावाच्या रेणूंची आणि धनभारित आयनांची दाटी असते, त्यामुळे बाहेरचं पाणी सतत आत शिरू पाहतं. दाब वाढत वाढत हवेच्या दाबाच्या सुमारे १५० पट होतो. कुपीचं झाकण उघडलं की ताणलेली भिंत आकसते आणि आतलं सगळं बाहेर फेकलं जातं.

गोड्या पाण्यातला हायड्रा हा जेलीफिशचा नातेवाईक. त्याच्या कुप्यांचं अतिवेगवान कॅमेऱ्याने केलेलं चित्रण २००६ साली प्रसिद्ध झालं. त्यात कुपीतले काटे ७०० नॅनोसेकंदांत बाहेर पडताना दिसले, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्याही आत. त्यांचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ५० लाख पटींहून जास्त भरलं. काटे आधी भक्ष्याचं कवच फोडतात. मग मागून नळी येते, आणि तिची येण्याची रीत मला काट्यांच्या वेगाहूनही विलक्षण वाटते. शर्टाची बाही आतून बाहेर उलटावी तशी ती टोकाशी उलटत उलटत जखमेत शिरते. नळीचा आत गेलेला भाग जागीच राहतो, पुढे सरकतं ते फक्त टोक, म्हणून घर्षण फार थोडं होतं. विष याच वाटेने आत जातं.

प्रश्न : मग खडकाला किंवा स्वतःच्याच शुंडकांना लागून या कुप्या सुटत का नाहीत?

उत्तर : उधळपट्टी परवडत नाही म्हणून. सुटलेली कुपी पुन्हा भरता येत नाही, नवी पेशी घडवावी लागते. त्यामुळे बहुधा नुसता स्पर्श पुरत नाही, भक्ष्याच्या अंगची रसायनंही जाणवावी लागतात. समुद्रफूल हा फुलासारखा दिसणारा, जेलीफिशच्याच नात्यातला प्राणी. नेमाटोस्टेला या छोट्या समुद्रफुलात यामागची यंत्रणा २०२० साली उलगडली. त्याच्या दंशपेशीत कॅल्शियम आत येण्याचे मार्ग एरवी निष्क्रिय असतात. भक्ष्याची चाहूल लागल्याचा रासायनिक संदेश आला की ते तयार होतात, आणि मग स्पर्श झाला तर कुपी सुटते. हायड्रात तर उजेडाचाही परिणाम होतो. प्रखर प्रकाशात कुप्या कमी सुटतात.

प्रश्न : दंश झाल्यावर नेमकं काय करावं? लघवी लावावी असं ऐकलं आहे.

उत्तर : लघवी अजिबात नको. गोडं पाणी, वाळूने घासणं, टॉवेलने पुसणं हेही टाळा. कातडीला चिकटलेल्या बऱ्याच कुप्या अजून सुटायच्या असतात आणि अशा उपायांनी त्या सुटू शकतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेली शुंडकं चिमट्याने उचलून काढा. नंतर सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो भाग २० मिनिटं ठेवला तर बऱ्याच दंशांत वेदना कमी होते. पाणी मात्र आधी दुसऱ्याने हात घालून तपासावं, कारण दुखऱ्या जागेला भाजल्याचं कळत नाही.

बॉक्स जेलीफिश या चौकोनी छत्रीच्या विषारी जेलीफिशच्या दंशावर आधी व्हिनेगर ओततात, त्याने न सुटलेल्या कुप्या निकामी होतात. पोर्तुगीज मॅन ओ' वॉर या जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या, पाण्यावर तरंगणाऱ्या तिच्या नातेवाइकाच्या बाबतीत व्हिनेगरविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, म्हणून त्या त्या किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांचं ऐका. श्वास लागला, छातीत दुखू लागलं किंवा भोवळ आली तर घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नका, थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : मला पूर्वी एकदा दंश झाला होता. आता शरीराला सवय झाली असेल ना?

उत्तर : असं धरून चालू नका, कधी कधी उलटंच होतं. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना टोचून पाहिलं. पहिल्या खेपेतून सावरलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी अगदी थोडी मात्रा दिली, तर तो काही मिनिटांतच गेला. १९०२ साली त्यांनी या तीव्र प्रतिक्रियेला ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिलं, आणि या कामासाठी रिशे यांना १९१३ चं नोबेल पारितोषिक मिळालं. आधीच्या दंशात अंगभर गांधी उठल्या असतील किंवा श्वासाला त्रास झाला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

प्रश्न : पाण्यात कशालाही हात लागला नाही, तरी अंग चुरचुरलं. असं होतं का?

उत्तर : होतं. शुंडकांचे तुटके तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत. शिवाय तळाशी उलटी पडून राहणारी कॅसिओपिया ही जेलीफिश दंशपेशींचे बारीक गोळे श्लेष्मातून पाण्यात सोडते.

प्रश्न : जेलीफिश खाणाऱ्या प्राण्यांना दंश होत नाही?

उत्तर : काही जण तर त्या कुप्याच चोरतात. निळा ड्रॅगन म्हणून ओळखली जाणारी, जेमतेम बोटाच्या पेराएवढी समुद्री गोगलगाय मॅन ओ' वॉर खाते आणि न सुटलेल्या कुप्या आपल्या अंगावरच्या बोटांसारख्या फाट्यांच्या टोकांत साठवते. दिसायला फार देखणी असते, पण फोटोसाठी तिला तळहातावर घेऊ नका.