तारीख देण्याआधी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नवं मशीन चार महिन्यांत उभं करतो म्हणालास. हुरूप आवडला, पण हिशेब दुसऱ्या बाजूनं धर. स्वतःची कामं मोजत बसू नकोस. असंच पहिलं मशीन काढलेल्यांना प्रत्यक्षात किती महिने लागले, ते विचार. पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) झाला, कास्टिंग (ओतलेला भाग) आलं, लेथवर चढवलं आणि दुसऱ्याच कटला आत ब्लोहोल, म्हणजे वायू अडकून राहिलेली पोकळी, दिसला, की पुन्हा ओतकाम, पुन्हा फाउंड्रीची रांग. हे कुणाच्याच वेळापत्रकात नसतं.

सिडनीचं ऑपेरा हाऊस १९६३ ला व्हायचं होतं, उघडलं १९७३ ला. छताची भूमिती सुटण्याआधीच बांधकाम सुरू झालं होतं. तुझं ड्रॉइंग पक्कं आहे का, ते आधी बघ. गणपतीचे दिवस वगळ. आणि गिऱ्हाइकाला दोन तारखा दे: लवकरात लवकरची आणि उशिरात उशिराची.