जुन्या युनिक्सवर नवा डिस्क ड्रायव्हर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

उद्यमबाग, निपाणी, खानापूर आणि चिकोडीहून या वेळी आलेल्या पत्रांचा विषय एकच आहे: एससीओ ओपनसर्व्हर ५ या जुन्या युनिक्सवर चालणारं जुनं हिशेबाचं मशीन आणि त्याची म्हातारी झालेली डिस्क. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत छापली आहेत. मशीनवर ती इंग्रजीत, लहान अक्षरांत टाइप करायची. कॅपिटल अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : आमच्या मशीन शॉपच्या ऑफिसात ओपनसर्व्हर ५.०.५ आहे, त्यावर आठ सिरियल टर्मिनलं. ८ जीबीची आयडीई डिस्क टकटक करायला लागली म्हणून ४० जीबीची आणली, तर युनिक्सला तीही ८ जीबीचीच दिसते. आयडीई डिस्क चालवणाऱ्या डब्ल्यूडी ड्रायव्हरची नवी आवृत्ती हाती आली आहे. ड्रायव्हर आणि डिस्क रविवारी एका दमात बदलून टाकावी का? (उद्यमबाग, बेळगाव)

उत्तर : एका दमात नको. आधी जुन्या डिस्कवर ड्रायव्हर, तो चालला की मग डिस्क. दोन्ही एकदम बदलल्यावर मशीन उठलं नाही तर दोष ड्रायव्हरचा, केबलचा, जम्परचा की नव्या डिस्कचा, हे शोधण्यात सोमवारची शिफ्ट जाते.

आधी ८ जीबीचं कोडं सोडवू. ८.४ जीबीपेक्षा मोठ्या आयडीई डिस्कला तिचं माप विचारलं की ती ठरलेले आकडे सांगते: १६३८३ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. ५१२ बाइटच्या हिशेबाने गुणाकार येतो ८,४५,५२,००,७६८ बाइट. पुढची जागा सेक्टरच्या सरळ क्रमांकाने, म्हणजे एलबीएने मागावी लागते, आणि जुन्या ड्रायव्हरला ते जमत नाही. तेव्हा डिस्क चांगली आहे, दुकानदाराला परत करू नका. पुढे कधी आणखी मोठी घ्यायची झाली तरी १२० जीबीवर थांबा. २८ बिटांच्या पत्त्याची हद्द १३७ जीबीला संपते.

टकटक करणाऱ्या डिस्कवर पहिलं काम बॅकअपचं. 'सीपीआयओ' ने टेपवर किंवा नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवर सगळं घ्या, आणि त्याच टेपची यादी शेवटपर्यंत वाचून बघा. शेवटपर्यंत न वाचलेली टेप बॅकअपमध्ये धरू नका. मग 'युनेम -एक्स' (हा एक्स कॅपिटल), 'एचडब्ल्यूकॉन्फिग -एच', 'एफडिस्क -पी', 'डीपॅरम /डेव्ह/आरएचडी००' आणि 'डिव्ही' चा तक्ता डॉट मॅट्रिक्सवर छापून ठेवा. मशीन बंद पडलं की हे आकडे कागदावरच मिळतात. 'एमकेडेव्ह एफडी' ने इमर्जन्सी बूट आणि रूट फ्लॉपीही करून घ्या आणि त्यांवरून मशीन एकदा उठवून पाहा. 'एसडब्ल्यूकॉन्फिग' च्या यादीत आरएस५०५ए हे रिलीज सप्लिमेंट आहे का तेही बघा. ५.०.५ साठी नंतर आलेले बरेच ड्रायव्हर ते बसलेलं आहे असं धरूनच केलेले आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि हेच बहुतेक जण विसरतात. ड्रायव्हर घातल्यावर कर्नल, म्हणजे युनिक्सचा गाभा, नव्याने लिंक करावा, म्हणजे सगळे ड्रायव्हर जोडून पुन्हा बांधावा लागतो. त्या वेळी चालू कर्नल 'युनिक्स.ओल्ड' या नावाने बाजूला ठेवला जातो. इथवर ठीक. पण पहिल्या खेपेला चूक झाली आणि पुन्हा लिंक केलं, तर आता 'युनिक्स.ओल्ड' म्हणून तो चुकीचा कर्नलच जाऊन बसतो. चांगला कर्नल मशीनवरून गेलेला असतो आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून ड्रायव्हरला हात लावण्याआधी '/स्टँड' मधल्या 'युनिक्स' ची प्रत 'युनिक्स.सेफ' नावाने त्याच डिरेक्टरीत करा. '/स्टँड' बहुधा फक्त वाचण्यापुरतं माउंट असतं. 'बीटीएमएनटी -डब्ल्यू' ने ते लिहिण्यासाठी उघडायचं आणि काम झालं की 'बीटीएमएनटी -डी' ने पूर्ववत करायचं. 'डीएफ -व्ही' ने जागा पाहा. तिथे तीन कर्नल मावले पाहिजेत. मावत नसतील तर मागच्या कुणीतरी ठेवलेले जुने कर्नल काढा. 'बूट' नावाची फाइल मात्र चुकूनही काढू नका.

ड्रायव्हर घालण्याच्या आज्ञा पॅकेजप्रमाणे वेगळ्या असतात. फ्लॉपी इमेज असेल तर 'इन्स्टॉलपीकेजी' किंवा 'बीटीएलडीइन्स्टॉल', आणि व्हीओएल.०००.००० अशा कॅपिटल नावाच्या फाइली असतील तर त्या एका रिकाम्या डिरेक्टरीत ठेवून 'कस्टम' मधून मीडिया इमेज हा पर्याय. सोबतच्या सूचनेत जी आज्ञा दिली असेल तीच वापरा. विंडोजवरून एफटीपीने फाइल पाठवताना आधी 'बिन' टाइप करा. अक्षरी मोडमध्ये गेलेली फाइल बाहेरून धडधाकट दिसते आणि 'कस्टम' मध्ये जाऊन फुटते. दोन्हीकडचे बाइट जुळवले की लगेच कळतं.

मग '/ईटीसी/कॉन्फ/सीएफ.डी' मध्ये जाऊन './लिंक_युनिक्स'. दोन प्रश्न येतील: हा कर्नल नेहमीसाठी ठेवायचा का, आणि कर्नलचं एन्व्हायर्नमेंट नव्याने बांधायचं का. दोन्हींना 'वाय'. पण दुसऱ्या 'वाय' मुळे '/ईटीसी/इनिटटॅब' नव्याने लिहिली जाते. तुमच्या आठ टर्मिनलांच्या ओळी कुणी थेट त्या फाइलीत घातल्या असतील तर रीबूटनंतर टर्मिनलं गप्प बसतील, आणि दोष फुकट डिस्क ड्रायव्हरच्या माथी येईल. त्या ओळी '/ईटीसी/कॉन्फ/इनिट.डी' मधल्या फाइलीत आहेत का, हे लिंक करण्याआधी पाहा. नसतील तर तिथे घाला.

रीबूट करा. कर्नल उठला नाही तर 'बूट :' या शब्दापुढे 'युनिक्स.सेफ' टाइप करून एंटर, आणि मशीन होतं तिथे परत येतं. उठला तर एक पूर्ण दिवस त्यावर काम चालू द्या: बिलं, रिपोर्ट, बॅकअप, सगळं.

त्यानंतर नवी डिस्क दुसरी डिस्क म्हणून जोडा. जम्पर स्लेव्हवर आणि पट्टी केबल ८० तारांची. 'एमकेडेव्ह एचडी' दोनदा चालवावी लागते: पहिल्यांदा ती कर्नलला डिस्कची ओळख करून देते, रीबूटनंतर दुसऱ्यांदा पार्टिशनचं विचारते. पहिली खेप झाली, मशीन रीबूट झालं, की आधी दोन्ही डिस्कांचे 'डीपॅरम' जुळवा. हेड आणि सेक्टर सारखे असतील तर दुसऱ्या खेपेची गरज नाही. सिंगल यूझर मोडमध्ये, म्हणजे बाकी सगळ्यांचं काम बंद ठेवून, 'डीडी' ने '/डेव्ह/आरएचडी००' वरून '/डेव्ह/आरएचडी१०' वर पूर्ण डिस्क उतरवता येते. आज्ञा टाइप केल्यावर 'आयएफ' (कुठून) आणि 'ओएफ' (कुठे) दोघांनी मिळून मोठ्याने वाचा, मगच एंटर दाबा. उलट झालं तर कोरी डिस्क तुमच्या हिशेबावर उतरते. मध्येच वाचनाची एरर आली तर 'डीडी' चा नाद सोडून बॅकअपवरूनच उभं करा. उतरलेल्या डिस्कला मास्टर करा, आणि उरलेल्या जागेवर 'एफडिस्क' ने दुसरं युनिक्स पार्टिशन काढून 'डिव्ही' ने त्यावर '/यू' बसवा.

उद्यमबागेत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. फौंड्रीची आणि ग्राइंडिंगची काळी धूळ लोखंडाची असते, वीज वाहते. कॅबिनेट मशीन शॉपच्या बाजूला उघडू नका, आणि उघडल्यावर ब्लोअरने धूळ आत ढकलण्यापेक्षा ब्रशने बाहेर काढा.

प्रश्न : पतसंस्थेच्या सर्व्हरमधलं अडाप्टेक २९४० स्कझी कार्ड (डिस्क जोडण्याचं कार्ड) खराब व्हायला लागल्यामुळे २९१६० घेतलं. केबल नव्या कार्डाला लावली, तर अर्धं बूट होऊन पडद्यावर 'पॅनिक : एसआरमाउंटफन, एरर ६ माउंटिंग रूटडेव्ह (१/४२)' असं येतं. डेटा गेला का? ५.०.५ आहे, आणि जुनं कार्ड अजून तासभर तरी चालतं. (निपाणी)

उत्तर : डेटा गेलेला नाही. ओपनसर्व्हरमध्ये १/४० म्हणजे बूट, १/४१ स्वॅप आणि १/४२ रूट फाइलसिस्टीम. एरर ६ चा अर्थ 'असं उपकरणच नाही'. कर्नल चढला तो कार्डाच्या बायोसच्या, म्हणजे कार्डावरच्या सुरुवातीच्या छोट्या प्रोग्रामच्या मदतीने. पुढे त्याला स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क शोधायची असते, आणि २९१६० चा ड्रायव्हर त्याच्या पोटात नाही. २९४० ला 'अलाड' लागतो, २९१६० ला 'एडी१६०'.

जुनं कार्ड तासभर चालतंय तेवढ्यात काम उरकता येईल. दोन्ही कार्डं एकदम बसवा, डिस्क जुन्यावरच ठेवा, आणि नव्याचा बायोस त्याच्या सेटअपमधून बंद करा. मशीन उठलं की आधी बॅकअप, मग वर सांगितल्याप्रमाणे 'युनिक्स.सेफ'. 'एडी१६०' चं पॅकेज घाला. त्यानंतर '/ईटीसी/कॉन्फ/सीएफ.डी/एमस्कझी' ही फाइल उघडा. डिस्कची ओळ अशी दिसेल: अलाड, एसडीएसके, आणि पुढे चार शून्यं. ते आकडे अनुक्रमे कार्डाचा क्रमांक, डिस्कचा आयडी, एलयूएन (त्या आयडीखालचा उपक्रमांक) आणि बस. फाइलीची प्रत ठेवून पहिला शब्द 'एडी१६०' करा, बाकी आकड्यांना हात लावू नका. दोन कार्डांवर दोन डिस्का असतील तर जी ओळ वर ती पहिली डिस्क. इथे ओळींचा क्रम चुकला तरी हीच पॅनिक येते. लिंक करा, मशीन बंद करा, केबल हलवा, नव्या कार्डाचा बायोस चालू करा, जुनं कार्ड काढा.

एवढं करूनही 'स्टेज १ बूट फेल्युअर' आलं तर ड्रायव्हर सोडा, कार्डाचा सेटअप पाहा. १ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कसाठी एक्स्टेंडेड ट्रान्सलेशन असा पर्याय असतो. तो चालू असेल तर कार्ड २५५ हेड आणि ६३ सेक्टर मोजतं, बंद असेल तर ६४ आणि ३२. जुन्या कार्डावर जसा होता तसाच नव्यावर हवा. माप बदललं की बूटची जागा दुसरीकडे शोधली जाते आणि तिथे काही सापडत नाही. टर्मिनेटर केबलच्या अगदी शेवटी, आणि आयडी ७ कार्डासाठी मोकळा.

मार्चअखेरीच्या तोंडावर यातलं काही करू नका. एप्रिलचा पहिला आठवडा बरा.

प्रश्न : ड्रायव्हरची फ्लॉपी करायला बसलो, तर दहातल्या सात फ्लॉपी खराब निघाल्या. कपाटातच होत्या. (खानापूर)

उत्तर : खानापूरच्या पावसात कपाटातही बुरशी चढते. फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवून चकती उजेडात तिरकी धरा. पांढुरके ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका. बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीही ओरबाडते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. चांगल्या निघालेल्या आधी 'फॉरमॅट' करा. इमेजची फाइल बरोबर १४,७४,५६० बाइटची हवी. 'डीडी' ने '/डेव्ह/आरएफडी०१३५डीएस१८' वर लिहा, 'बीएस' १८के, म्हणजे ८० रेकॉर्ड येतील आणि ८० जातील. ७९ अधिक काहीतरी दिसलं तर फाइल अपुरी आहे. शक्यतो ज्या ड्राइव्हवर वाचायची त्याच ड्राइव्हवर लिहा. दोन ड्राइव्हची हेडं किंचित जरी सरकलेली असली तरी एकाची फ्लॉपी दुसऱ्याला नीट वाचता येत नाही. लिहून झालेल्या फ्लॉपी सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वारंवार लागत असेल तर ३४ पिनांच्या केबलवर बसणारा फ्लॉपी एम्युलेटर घ्या. मशीनला ती साधी फ्लॉपीच वाटते, आणि इमेज पेनड्राइव्हवर राहतात.

प्रश्न : ५.०.६ चा ड्रायव्हर ५.०.५ वर चालेल का? (निपाणी)

उत्तर : सूचनेत ५.०.५ चं नाव छापलेलं असेल तरच. नसेल तर बहुधा लिंक करतानाच अमुक सिम्बॉल सापडत नाही अशी ओळ येते आणि नवा कर्नल तयारच होत नाही. जुना शाबूत असतो, घाबरू नका. '/ईटीसी/कॉन्फ/एसडिव्हाइस.डी' मध्ये त्या ड्रायव्हरच्या नावाच्या फाइलीत दुसऱ्या रकान्यातला कॅपिटल वाय बदलून एन करा आणि पुन्हा लिंक करा. लिंक झाला पण चालला नाही, असं झालं तर मात्र 'युनिक्स.सेफ' लागेल.

प्रश्न : जुना मदरबोर्ड गेला. नव्यावर डिस्कसाठी फक्त साटा जोडणी आहे. ५.०.७ चालवता येईल? (चिकोडी)

उत्तर : बायोसमध्ये साटाचा मोड आयडीई किंवा कम्पॅटिबल असा मिळत असेल तर येईल. मग डिस्क जुन्या आयडीईच्या पत्त्यांवर, आयआरक्यू १४ आणि १५ वर दिसते, आणि डब्ल्यूडी ड्रायव्हर तिला ओळखतो. जुना बोर्ड चालू असता तर आधी ५.०.७ वर मेंटेनन्स पॅक ५ घालून घेता आला असता. जुना बोर्डच गेल्यामुळे तुम्हाला नव्याने इन्स्टॉल करावं लागेल. 'बूट :' पुढे 'लिंक' टाइप केलं की ड्रायव्हरच्या पॅकेजचं नाव आणि फ्लॉपी मागितली जाते. लायसन्सचा सीरियल नंबर आणि ॲक्टिव्हेशन कीचा कागद त्याआधी हाताशी हवा.

बायोसमध्ये फक्त एएचसीआय हा साटाचा नवा मोड असेल तर झटापट करू नका. नव्या मशीनवर व्हीएमवेअर (आत व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) घ्या आणि आत आयडीई डिस्क द्या, किंवा बसलॉजिक कंट्रोलर दिला तर 'बीएलसी' ड्रायव्हर वापरा. पुढच्या वेळी खरं हार्डवेअर बदललं तरी आतल्या युनिक्सला कळणारही नाही. फक्त आताच्या मशीनमध्ये टर्मिनलांसाठी आठ पोर्टांचं सिरियल कार्ड असेल तर त्याची सोय आधी लावा. ते बहुधा व्हर्च्युअल मशीनमध्ये जात नाही, टर्मिनलं नेटवर्कवरून टेलनेटने जोडावी लागतील.