मर्सेदेसची बाजू

प्रश्न : ताई, मुलीनं हट्टानं हातात दिली म्हणून अलेक्झांडर द्युमाची ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ वाचून काढली. एदमों दांतेस अंधारकोठडीत सडत असताना मर्सेदेसनं दीड वर्षात दुसऱ्याशी लग्न केलं, तेही ज्यानं त्याला अडकवलं त्याच फर्नांशी. शेवटी काउंट झालेला एदमोंही विकत घेऊन सांभाळलेल्या हायदेला घेऊन निघून जातो. मग या कादंबरीत सूड तेवढा खरा आणि प्रेम नावापुरतं, असंच ना?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, असं मुळीच नाही. आणि मर्सेदेसवर तुम्ही फार लवकर शिक्का मारलात.

आधी तिला काय ठाऊक होतं ते बघू या. फेब्रुवारी 1815 मध्ये, ऐन साखरपुड्याच्या जेवणावरून शिपाई एदमोंला उचलून नेतात. एदमोंच्या जहाजावरच्या दांग्लारनं तो नेपोलियनचा हस्तक असल्याचं पत्र डाव्या हातानं लिहिलं आणि फर्नांनं ते पोचवलं, हे तिला कोण सांगणार? ती सरकारी वकील व्हिलफोरच्या दारात जाऊन उभी राहते, तो तिला वाटेला लावतो. एदमोंचा म्हातारा बाप अन्नपाणी सोडून खंगत जातो, तेव्हा त्याला आपल्या घरी नेण्यासाठी धडपडते तीच. सगे म्हणावेत असे दोघे, एक गेला, एक लढाईवर. त्यातला एक, फर्नां, परत आला. लग्नाच्या दिवशी ‘ला रिझर्व्ह’समोरून, म्हणजे जिथं एदमोंबरोबर साखरपुडा झाला त्याच खाणावळीवरून जाताना तिला भोवळ यायची वेळ आली होती, असं एदमोंच्या बापाचा शेजारी कादरूस सांगतो. ही बाई विसरली असं कोण म्हणेल?

आता एदमोंकडे वळू. कोठडीत शिरला तेव्हा या एकोणीस वर्षांच्या खलाशाच्या मनात सूड नव्हताच. तिथंच कैदेत असलेल्या आबे (म्हणजे पाद्री) फरियांनी त्याच्या हकिकतीतले धागे जुळवून दाखवले आणि कोणी घात केला ते त्याला उमगलं. पण फरियांना लगेच हळहळ वाटते : तुझ्या मनात नव्हती ती सुडाची भावना मी तिथं पेरली, असं ते बोलून दाखवतात. (द्युमानं हे नाव आपल्या गोव्याच्या आबे फरियांवरून घेतलं. ते कांदोळीचे, जन्म 1756 चा. संमोहनविद्येच्या प्रयोगांनी त्यांनी पॅरिस गाजवलं. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. कादंबरीतले फरिया मात्र इटालियन.) म्हणजे प्रेम घेऊन तो आत गेला होता आणि सूड त्याला तिथं भेटला. मी सगळी कादंबरी या एका गोष्टीच्या आधारानं वाचते.

फरिया मेल्यावर त्यांच्या प्रेताच्या जागी कफनात शिरून एदमों तुरुंगातून निसटतो आणि त्यांनी सांगितलेला खजिना मिळवतो. काउंट होऊन तो पॅरिसला येतो तेव्हा फर्नांचीच काय, कुणाचीच नजर त्याला ओळखत नाही. मर्सेदेस ओळखते. ओळखते, आणि बोलत नाही. आपल्या घरच्या मेजवानीत ती त्याला काचघरात नेते, स्वतःच्या हातानं द्राक्षांचा घड तोडून पुढे करते. तो म्हणतो, मी द्राक्षं खात नाही. घड तिच्या हातातून गळून पडतो. मग ती पीच पुढे करते, तेही तो नाकारतो. एका छपराखाली मीठभाकर खाल्लेली माणसं जन्माची मित्र होतात, अशी अरबांची रीत ती त्याला सांगते. खाल्ल्या मिठाला जागावं लागतं हे आपल्याकडे पोरासोरांनाही कळतं, त्यामुळे मराठी वाचकाला हा प्रसंग जास्तच टोचायला हवा. शत्रूच्या घरचा घास पोटात गेला तर हात उचलता येणार नाही, हे तो जाणून आहे. तिनं त्याचं मन चाचपलं, आणि तिला उत्तर मिळालं.

पुढे तिचा मुलगा अल्बेर काउंटला द्वंद्वाचं आव्हान देतो. आदल्या रात्री ती काउंटकडे येते आणि त्याला ‘एदमों’ अशी हाक मारते. काउंट दांग्लारचं ते पत्र तिच्यापुढे टाकतो. बाप मेलेला, प्रेयसी वैऱ्याची बायको झालेली, हे तू सोसलंस का, असं विचारतो. ती म्हणते, नाही, पण ज्याच्यावर माझं प्रेम होतं त्याला माझ्या मुलाच्या जिवावर उठलेला पाहते आहे. दहा वर्षं रोज रात्री तिला तुरुंगाच्या कड्यावरून प्रेत म्हणून फेकलेला एदमों दिसत होता आणि किंकाळी ऐकू येत होती, हेही ती त्याच रात्री सांगते. एवढी वर्षं रचलेला डाव तो तिथंच मोडतो. अल्बेरला मारणार नाही असा शब्द देतो आणि दुसऱ्या दिवशी स्वतः मरायची तयारी करतो. ना पैसा, ना कायदा, त्याचा सूड कशालाच बधला नव्हता, तो तिच्या एका हाकेपुढे वाकला. याला नावापुरतं प्रेम म्हणता येईल का?

मग दोघं एकत्र का आली नाहीत? माझ्या मते, येऊच शकत नव्हती. काउंटच्या सुडापायी फर्नांनं स्वतःला गोळी घातलेली, व्हिलफोरच्या घरात त्याच्या लहानग्या मुलाचा, एदुआरचाही जीव गेलेला. मर्सेदेस स्वतःलाच दोष देते : ओळखणारी मी एकटी, तरी मुलालाच तेवढं वाचवलं, नवऱ्याला का नाही? लग्नासाठी साठवून एदमोंनं बापाच्या घराच्या अंगणात अंजिराच्या झाडाखाली पुरलेले तीन हजार फ्रँक तो तिला देतो. काउंटची अफाट दौलत तिला नको असते, खलाशाच्या कष्टाचे हे पैसे ती घेते. हायदेचं म्हणाल तर, तिची निष्ठा मी मानते, पण शेवटच्या पानांत ती घाईघाईनं आणून उभी केल्यासारखी वाटते. मर्सेदेसला द्युमानं रिकाम्या हातानं मार्सेला धाडलं, हे मला आजही पटलेलं नाही.

एक विचारते. तुम्ही वाचलीत ती आवृत्ती संक्षिप्त तर नव्हती? मूळ कादंबरी 117 प्रकरणांची आहे. 1844 पासून ती पॅरिसच्या वृत्तपत्रात क्रमशः येत होती. कापाकापीत मीठभाकरीचं प्रकरण आणि ती रात्र यांनाच कात्री लागली असेल, तर तुमच्या वाट्याला नुसता सूडच आला. पूर्ण प्रत मिळवा, आणि ही दोन प्रकरणं मुलीबरोबर बसून वाचा.